कल्लु (दगड) किती, मण्णु (माती) किती: खाणीवर दगडाळ मातीचा प्रोफाइल कसा लिहायचा

खाणीवर नवीन आलेलं पोरगं प्रोफाइल शीट (मातीचे थर वरनं खाली नोंदवायचा कागद) घेऊन बेंचसमोर, म्हणजे खाणीच्या पायरीसारख्या कापलेल्या भिंतीसमोर, उभं राहिलं की पहिली ओळ हमखास अशी येते, "लाल माती, दगड भरपूर". झालं, संपलं काम. आता "भरपूर" म्हणजे नेमके किती, आणि ते दगड आले कुठनं, आणि मुळात ते दगड आहेत का, हे तिन्ही प्रश्न तसेच लटकत राहतात आणि उद्या खाण बंद करताना झाडं लावायला माती किती लागणार याचा हिशोब त्याच ओळीवर होतो. मी बेळगावच्या पश्चिमेकडच्या सड्यांवर (जांभ्याच्या सपाट माथ्यांवर), जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला, बरीच वर्षं हे काम करतोय, म्हणून जे हाताला सापडलं ते इथं सविस्तर लिहितोय. पुस्तकातली पद्धत सपाट शेतासाठी बरोबर बसते, डोंगरावर दगडात तिला थोडं वाकवावं लागतंय.

आधी कुठं उभे आहोत ते बघा. आपला जिल्हा मातीच्या बाबतीत लई विचित्र आहे. अथणीकडं काळी, भेगाळणारी, चुनखडीवाली माती. गोकाकला धबधबा ज्या लालसर दगडावरनं ५२ मीटर खाली पडतो तो कलादगी मालिकेतला क्वार्ट्झाइट (वाळूचा दगड घट्ट होऊन झालेला कठीण खडक), त्याच्यावरची माती पातळ आणि वाळूसर. आणि खानापूर-चंदगडच्या अंगाला बेसॉल्टवर जांभ्याची टोपी, त्यातच बॉक्साइट. तिन्हीकडं "दगडाळ" हा एकच शब्द लिहिला तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मी इथं मुख्यतः जांभ्याच्या सड्याबद्दल बोलणार, कारण खाणी तिथं आहेत आणि फसगतही तिथंच जास्त होते.

सड्याचा उभा छेद ढोबळ असा असतो. वर पोकळ्यांमधे साठलेली वीतभर माती, कुठं कुठं तीही नाही, नुसता उघडा काळपट खडक. खाली कडक जांभा, भोकाभोकांचा. मग गोळ्यागोळ्यांचा किंवा ढेकळांचा लोखंड-ॲल्युमिनियमचा थर, बॉक्साइटचे खिसे यातच. त्याच्या खाली मऊ, फिकट, हाताला साबणासारखी लागणारी चिकण माती, जिला भूगर्भवाले लिथोमार्ज म्हणतात. मग कुजलेला बेसॉल्ट, ज्यात गोल गोटे कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटतात, आणि सगळ्यात खाली खणखणीत काळा दगड. प्रत्येक ठिकाणी सगळं असतंच असं नाही, पण हा क्रम डोक्यात असला की समोरचा थर कुठल्या मजल्यावरचा आहे ते ओळखता येतं.

जीव आधी, माती नंतर

हे थोडक्यात सांगतो पण वगळू नका. बेंचला हात लावायच्या आधी माइन मॅनेजरची परवानगी आणि ब्लास्टिंगची वेळ विचारून घ्यायची. हेल्मेट, बूट, चमकदार जॅकेट. एकट्यानं कधीच नाही, एकजण वर लक्ष ठेवायला. मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ प्रमाणं माती-मुरूम-डेब्रिससारख्या सैल जमिनीत बाजूचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, नाहीतर बेंच १.५ मीटरपेक्षा उंच नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. समोरची भिंत त्यापेक्षा उंच आणि उभी दिसली तर तिथं काम नाही, सरळ दुसरी जागा. ओल्या लिथोमार्जवर तर अजिबात विश्वास ठेवू नका, ती सरकते तेव्हा आवाजसुद्धा देत नाही.

वेळ म्हणाल तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा माती ओलसर असते, थर वेगळे दिसतात. एप्रिलमधे सगळं एकाच रंगाचं आणि दगडासारखं घट्ट होतंय.

जागा निवडणं

खाणीत भिंत आयती मिळते म्हणून सगळे तिथंच लिहितात, आणि तीच पहिली चूक. खाण सड्याच्या मधोमध असते, माती मात्र कडेला आणि उतारावर साठलेली असते. निदान तीन जागा घ्या: सड्याचा माथा, कडेचा उतार जिथनं जंगल सुरू होतं, आणि पायथ्याला जिथं वरनं घरंगळलेलं सगळं जमा होतंय. बेंचची भिंत वापरायची ती खालच्या थरांसाठी. वरची एक मीटर बघायला न हललेल्या जमिनीत हातानं खड्डा खणा.

प्रत्येक जागेला जीपीएस, उंची, उताराची टक्केवारी, उताराचं तोंड कुठं, वर काय उगवलंय, आणि जमिनीवर उघडे दगड किती टक्के. शेवटचं बरेच जण विसरतात. दहा मीटरचा दोर टाका आणि दर अर्ध्या मीटरला बघा, दोराखाली दगड की माती. वीस ठिकाणांपैकी सात दगड तर ३५ टक्के. पाच मिनिटांचं काम आहे.

भिंत साफ करणं

इथं माझीच एक जुनी फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका जुन्या बेंचवर मी डोळ्यांनी अंदाज घेऊन ७० टक्के दगड लिहिले. वरिष्ठांनी नंतर तिथंच हातभर आत खणायला लावलं तर ४० च्या आसपास निघाले. काय झालं होतं, तर दोन पावसाळे त्या भिंतीवर पडले होते, मधली माती धुऊन गेली होती आणि दगड दात दाखवत बाहेर राहिले होते. म्हणून भिंत कितीही स्वच्छ दिसली तरी ४०-५० सेंमी आत जाईपर्यंत टिकावानं काढा, मग पहारेनं सैल दगड सोडवा, मग खुरपी, शेवटी ब्रश. वरनं खाली. खालनं वर केलं तर वरचा कचरा परत साफ केलेल्यावर पडतो, हे सांगायला नको पण सांगावं लागतंय.

अर्धी बाजू खुरपीनं गुळगुळीत करा, अर्धी टोकानं उकरून खडबडीत ठेवा. गुळगुळीत बाजूवर रंग आणि सीमा दिसतात, खडबडीत बाजूवर माती कशी तुटते ते दिसतं.

मग टेप. शून्य कुठं धरायचा? खनिज मातीच्या वरच्या पृष्ठभागावर, पालापाचोळा त्याच्या वर वेगळा मोजायचा. पण खाणीवर अजून एक भानगड असते, की वर ३०-४० सेंमी डंप, म्हणजे खाणीतला टाकाऊ माल, टाकलेला असतो आणि त्यावर गवत उगवलेलं असतं, म्हणजे तो अगदी खराखुरा ए थर (मातीचा सगळ्यात वरचा थर) वाटतो. ओळखायचं कसं? डंपमधे दगड कुठल्याही दिशेला पडलेले असतात, ताजे तुटलेले धारदार कोपरे असतात, मधे पोकळ्या राहतात, आणि खाली जुन्या गवताची काळी रेघ सापडते. ती रेघ सापडली की खरा शून्य तिथं. आणि वरची माती आधीच उचलून नेली असेल तर तसं स्पष्ट लिहा, "वरचा थर काढलेला". बी थराला (ए च्या खालच्या थराला) ए लिहून वेळ मारून नेऊ नका.

थर आखणं

आधी दोन पावलं मागं जा आणि नुसतं बघा. रंग, दगडाचं प्रमाण, दगडाचा आकार, मुळं, यापैकी काही बदललं की तिथं खिळा ठोका. दगडाळ मातीत रंग एकच असतो आणि दगड बदलतो असं बऱ्याचदा होतं, तो पण थर बदलच समजायचा. चाकूच्या टोकानं वरनं खाली टोचत जा, आवाज आणि धक्का बदलतो, तुमच्या मनगटाला डोळ्यांच्या आधी कळतं.

सीमेची जाडी लिहा: २ सेंमीच्या आत बदलली तर एकदम, २ ते ५ स्पष्ट, ५ ते १५ हळूहळू, त्यापुढं धूसर. आणि आकार सरळ की लाटेसारखा की खिशाखिशांचा. जांभ्यावर खिसे फार असतात, एका टोकाला माती १० सेंमी आणि हातभर अंतरावर ६० सेंमी. अशा वेळी एकच आकडा लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही लिहा आणि एक चित्र काढा. चित्र कसंही असू दे.

हा दगड आहे का?

आता मुख्य गोष्टीवर येतो. पहिल्यांदा सड्यावर गेलो तेव्हा सोबत गावातले एक वयस्कर कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, खड्डे तेच खणायचे. मी एक मुठीएवढं लाल-पिवळं ढेकूळ हातात घेऊन वहीत "गोटा" लिहीत होतो. मामा म्हणाले, "साहेब, हे कल्लु न्हवं. मण्णु हाय, वाळलंय नुसतं."

मी म्हटलं, "मामा, हातोडीनं फुटेना झालंय की."

"राती पाण्यात टाकून ठेवा बघू."

बादलीत टाकलं. सकाळी निम्मी ढेकळं खाली चिखल होऊन बसली होती आणि निम्मी जशीच्या तशी. तेव्हापासून मी प्रत्येक जांभ्याच्या थरातनं दहा-बारा ढेकळं घेतो आणि रात्रभर पाण्यात ठेवतो. विरघळलं ते माती, शीटवर मातीत मोजायचं. राहिलं ते दगड. आपल्या बोलीत कल्लु आणि मण्णु सहज येतात पण त्या दोन कानडी शब्दांनी मला जे शिकवलं ते कॉलेजात नीट डोक्यात शिरलं नव्हतं.

राहिलेल्या दगडांचेही दोन प्रकार करा. एक जागेवर मातीतच तयार झालेले, म्हणजे लोखंडाच्या गोल गोळ्या, फोडल्यावर आत कांद्यासारखी वर्तुळं दिसतात. दुसरे मूळ खडकाचे तुकडे, बेसॉल्ट किंवा क्वार्ट्झाइट. गोळ्या सांगतात की हा थर इथंच पिकला. जांभ्याच्या मातीत मधेच बेसॉल्टचा कोपऱ्यांचा तुकडा सापडला तर तो वरनं घरंगळला किंवा डंपरमधनं पडला, दोन्हीपैकी काय ते शोधा.

दगड मोजणं

आकाराचे वर्ग अमेरिकन पद्धतीचे वापरतात ते सोपे आहेत. २ मिमीच्या खाली सगळी माती. २ ते ७६ मिमी खडी, ७६ ते २५० गोटे, २५० ते ६०० दगड, त्यापुढं धोंडे. प्रमाणासाठी: १५ टक्क्यांच्या आत असेल तर नावात दगडाचा उल्लेख नाही, १५ ते ३५ खडीयुक्त, ३५ ते ६० खूप खडीयुक्त, ६० ते ९० अति. हे सगळे टक्के आकारमानाचे, वजनाचे नाहीत, आणि इथंच लॅबवाले आणि फील्डवाले भांडतात.

भिंतीवर मोजायला मी सुतळीची जाळी वापरतो, एक मीटर बाय एक मीटर चौकटीत दर १० सेंमीला सुतळी, म्हणजे साधारण शंभर गाठी. प्रत्येक गाठीमागं काय आहे, दगड की माती, एवढंच बघायचं. शंभरपैकी जेवढे दगड तेवढे टक्के. डोळ्यांचा अंदाज नेहमी जास्त येतो कारण नजर मोठ्या दगडावर जाऊन बसते. थर पातळ असेल तर चौकट आडवी हलवून शंभर पूर्ण करा.

पण जिथं मातीचा हिशोब पैशात होणार आहे तिथं खड्ड्याची पद्धत करा. थरावर सपाट जागा करून बादलीएवढा खड्डा खणायचा, निघालेलं सगळं, अगदी सगळं, ताडपत्रीवर ठेवायचं. खड्ड्यात पातळ प्लास्टिक पसरून काठोकाठ पाणी मोजून ओतायचं, ते झालं खड्ड्याचं आकारमान. मग २ मिमीची चाळणी. दगड आधी पाण्यात भिजवून घ्या कारण जांभा पाणी पितो, मग भरलेल्या बादलीत बुडवा आणि किती पाणी सांडलं ते मोजा.

समजा खड्ड्यात २० लिटर पाणी मावलं. दगडांचं वजन २६ किलो, पाणी सांडलं १० लिटर. चाळलेली माती वाळवून १३ किलो. वजनानं बघितलं तर ३९ पैकी २६, म्हणजे ६७ टक्के दगड, "अति खडीयुक्त". आकारमानानं बघितलं तर २० पैकी १०, म्हणजे ५० टक्के, "खूप खडीयुक्त". एकाच खड्ड्याचे दोन वर्ग! म्हणून शीटवर टक्क्यांच्या पुढं "आकारमान" की "वजन" हे लिहिलंच पाहिजे. गोट्यांपेक्षा मोठे दगड या खड्ड्यात मावत नाहीत, त्यांचं प्रमाण जाळीनंच घ्या आणि नंतर एकत्र करा.

याचा उपयोग काय? हाच थर ४० सेंमी जाड आणि एक हेक्टरभर असेल तर ४००० घनमीटर उचलावं लागेल पण त्यात खरी माती २००० च. पाण्याचंही तसंच. बारीक माती आकारमानाच्या १५ टक्के पाणी झाडाला देऊ शकते असं धरलं तर ४० सेंमीत ६० मिमी दिसतं, पण निम्मे दगड वजा केले की ३० मिमी. भोकाचा जांभा थोडं पाणी धरतो खरा, पण त्याच्या भरवशावर रोपं लावू नका.

बाकीच्या नोंदी

रंग मन्सेल चार्टवर (मातीचे रंग जुळवून बघायच्या पुस्तकावर), ओल्या आणि वाळलेल्या दोन्ही मातीचा, उन्हात, गॉगल काढून. सकाळी आणि संध्याकाळी नको, तेव्हा सगळंच लाल दिसतं. जांभ्याची माती बहुतेक २.५ वायआर किंवा ५ वायआर पानावर सापडते (वायआर म्हणजे पिवळा-लाल, त्यापुढचे ३/४ सारखे आकडे म्हणजे उजळपणा आणि रंगाची तीव्रता). लिथोमार्जमधे पांढरे, जांभळे, पिवळे डाग असतात, तिथं "मिश्र रंग" नका लिहू, प्रत्येक रंग आणि त्याचा अंदाजे वाटा लिहा.

पोत हातानं. चाळलेली माती घ्या, पाणी घालून भाकरीच्या पिठासारखी मळा, अंगठ्यानं पट्टी काढा. पट्टी २.५ सेंमीच्या आत तुटली तर लोम (वाळू, पोयटा, चिकण मिसळलेली माती), २.५ ते ५ क्ले लोम, ५ च्या पुढं क्ले (चिकण माती). पण लाल जांभ्याची माती फसवते, लोखंडानं चिकण मातीचे बारीक दाणे घट्ट बांधलेले असतात आणि सुरुवातीला वाळू-पोयट्यासारखं लागतं. चार-पाच मिनिटं मळत राहा, हळूहळू चिकट होत जाते. घाई केलेल्यांच्या शीटवर सगळा सडा "सँडी लोम" असतो.

चुनखडी बघायला १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब. पातळ करताना पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमधे पाणी नाही. अथणीच्या काळ्या मातीत फसफसून फेस येतो, जांभ्यावर येत नाही. सड्यावर फेस आलाच तर आधी बघा जवळपास सिमेंटचं काम झालंय का.

मुळं किती, किती जाड, आणि कुठं थांबतात. दगडाळ मातीत मुळं भेगांतनं खाली जातात, म्हणून फक्त "४५ सेंमीपर्यंत" लिहून थांबू नका. भेगांमधलं अंतर मोजा. मुळं शिरू शकतील अशा भेगा १० सेंमी किंवा त्याहून जास्त अंतरावर असतील तर खालचा कडक खडक खराखुरा अडथळा, आर थर. आणि कुजलेला बेसॉल्ट जो खडकासारखा दिसतो पण फावड्यानं कष्टानं का होईना खणता येतो, तो सीआर. दोन्हीला "खडक" लिहिलं की जेसीबीवाल्याला वेगळं समजतं आणि झाडवाल्याला वेगळं.

शीटवरचं लिखाण कसं दिसतं त्याचा एक नमुना, सड्याच्या कडेचा:

"० ते १४ सेंमी, ए. ओला रंग ५ वायआर ३/४. क्ले लोम, बारीक दाणेदार, भुसभुशीत. जांभ्याच्या गोळ्या २० टक्के आकारमान, २ ते २० मिमी, भिजवून न विरलेल्या. बारीक मुळं भरपूर. फेस नाही. सीमा स्पष्ट, लाटेसारखी.
१४ ते ४६ (कमीत कमी ३०, जास्तीत जास्त ६५), बी. २.५ वायआर ४/६. क्ले, ढेकळी. गोळ्या आणि ढेकळं ५० टक्के, सगळ्यात मोठं ११ सेंमी. मुळं मध्यम. सीमा एकदम, खिशाखिशांची.
४६ च्या खाली, लोखंडानं जखडलेला सलग जांभा. टिकाव उडतो. उभ्या भेगा २० ते ४० सेंमीवर, भेगांत लाल माती आणि मुळं."

एवढ्यावरनं कळतं की वरचे १४ सेंमी वेगळे उचलायचे, त्यात बी-बियाणं आणि कुजलेला पाला आहे, त्याखालचं दुसऱ्या ढिगात. मिनरल कन्झर्व्हेशन अँड डेव्हलपमेंट रूल्स, २०१७ मधे वरची माती वेगळी काढून वापरायला सांगितलंच आहे, पण किती खोलीपर्यंत "वरची" ते या शीटवरनंच ठरतं. ढीग उंच नकोत, आणि लिथोमार्ज चुकूनही शेवटच्या थरात वर येऊ देऊ नका, तिच्यावर गवतसुद्धा नीट धरत नाही.

नमुने घेताना खालच्या थरापासून वर या. पिशवीत चिठ्ठी टाकायची तर पेन्सिलनं लिहा, पेनची शाई ओल्या मातीत पसरते आणि लॅबमधे दहा पिशव्या अनाथ होतात. आणि निघताना खड्डा बुजवा, खालची माती आधी, वरची वर. सड्यावर म्हशी चरायला येतात, मागं एकदा एक रेडकू खड्ड्यात अडकलं होतं, मामा आणि मी दोघांनी मिळून संध्याकाळ होईस्तोवर काढत होतो आणि त्याची मालकीण वर उभी राहून दोन्ही भाषांत आमचा उद्धार करत होती.